पाथुरे गिर्जा

कलकत्त्याच्या राजभवनाच्या वायव्येस, कचेऱ्या, बँका आणि वकिलांच्या पेढ्या यांनी गजबजलेल्या वस्तीत, एका कुंपणाच्या आत जुनी झाडे, त्याहून जुन्या कबरी आणि त्यांच्यामध्ये १७४ फूट उंचीचा निमुळता दगडी मनोरा घेऊन सेंट जॉन्स चर्च उभे आहे. बंगाली लोकांनी त्याला आपले सुटसुटीत नाव दिले, ‘पाथुरे गिर्जा’, म्हणजे दगडी चर्च. आणि वाड्याच्या जोत्यापासून नदीच्या घाटापर्यंत सर्वत्र काळा दगड गृहीत धरून वाढलेल्या आपल्यासारख्या देशावरच्या माणसाला ते नाव प्रथम ऐकताना थोडे हसूच येते, कारण एवढे मोठे देवालय दगडाचे नसावयाचे तर कशाचे असावयाचे? परंतु खालचा बंगाल हा गाळाचा मुलूख आहे. तेथे कुदळ मारावी तर माती लागते आणि मातीखाली पाणी लागते, आणि म्हणून तेथील राजवाडे, देवळे, मशिदी या भाजलेल्या विटांच्या, आणि दगड ही मात्र दूरच्या डोंगरातून नावेत घालून आणावयाची चैनीची चीज. अशा मुलखात एखाद्या इमारतीला ‘दगडी’ म्हणणे म्हणजे तिची श्रीमंती सांगणे होय. हा दगड आला कोठून, हे विचारू लागले म्हणजे या चर्चचा खरा इतिहास उलगडू लागतो. आणि तो उलगडताना असे ध्यानात येते की या वास्तूची जागा एकाची, पैसा दुसऱ्याचा, आराखडा तिसऱ्याचा आणि दगड चौथ्याचा आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या कलकत्त्यात यापूर्वी एक चर्च होते. सेंट ॲन हे त्याचे नाव. १७०९ साली ते प्रार्थनेसाठी खुले झाले आणि जुन्या किल्ल्याच्या समोर, आजच्या रायटर्स बिल्डिंगच्या पश्चिम टोकाशी ते उभे होते. मराठी वाचकाला हा काळ अगदीच परका नाही, कारण १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांची फौज भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालात उतरली तेव्हा याच शहराच्या रहिवाशांनी भीतीने शहराभोवती खंदक खणावयास घेतला, जो पुढे ‘मराठा खंदक’ म्हणूनच ओळखला गेला, आणि जो अर्धवट राहिला, कारण बारगीर तेथवर पोहोचलेच नाहीत. संकट आले ते दुसऱ्याच बाजूने. १७५६ च्या जूनमध्ये नवाब सिराजउद्दौल्याने कलकत्ता घेतले, आणि त्या धामधुमीत सेंट ॲन जमीनदोस्त झाले. पुढल्या वर्षी प्लासीची लढाई होऊन कंपनी एका सुभ्याची धनीण झाली, तिच्या नोकरांनी चौरंगीला पांढरेशुभ्र प्रासाद उठवले, घोड्यांच्या शर्यती आणि नाटकशाळा सुरू केल्या. प्रार्थनेची सोय मात्र तीस वर्षे एका लहानशा तात्पुरत्या देवळीवर भागविली. १७७० मध्ये किर्नांडर नावाच्या स्वीडिश धर्मोपदेशकाने स्वतःच्या खर्चाने एक चर्च बांधले, ते कंपनीच्या खजिन्यातून नव्हे. जुन्या राज्यकर्त्यांविषयी आपल्याकडे सर्रास असा समज आढळतो की तलवारीच्या मागोमाग क्रूस आला. कलकत्त्यापुरते पाहिले तर तलवारीच्या मागोमाग तागडी आली, आणि क्रूसाला बराच वेळ दाराशी ताटकळत बसावे लागले.

अखेर विल्यम जॉन्सन या धर्मोपदेशकाने पुढाकार घेतला, वर्गण्या गोळा झाल्या, आणि वर्गण्यांनी भागेना तेव्हा सार्वजनिक लॉटरी काढण्यात येऊन तीतून सुमारे ३०,००० रुपये उभे करण्यात आले. देवाच्या घरासाठी सोडतीचा पैसा, हे त्या काळी कोणाला खटकले नाही. कलकत्त्यातील रस्ते आणि सभागृहेही पुढे सोडतीच्याच पैशावर झाली. जागेचा प्रश्न त्याहूनही चमत्कारिक रीतीने सुटला. शहराच्या जुन्या इंग्रज दफनभूमीला लागून एके काळच्या दारूखान्याचे आवार होते, आणि ते शोभाबाजारच्या नवकृष्ण देव यांच्या मालकीचे होते. हे नवकृष्ण म्हणजे क्लाइव्हचे मुनशी, फारसीचे जाणकार, कंपनीच्या उत्कर्षाबरोबर वर चढलेले आणि महाराजा या पदवीला पोहोचलेले गृहस्थ. त्यांच्या वाड्यातील दुर्गापूजेला कंपनीचे साहेबलोक हजेरी लावत. अशा कट्टर हिंदू घराण्याच्या कर्त्या पुरुषाने चर्चसाठी जमीन दान केली. यात औदार्य किती आणि हिशेब किती, हे तोलण्याचा उद्योग मी करणार नाही. ज्यांनी पेशवाईतील इनामांची दफ्तरे चाळली आहेत त्यांना ठाऊक आहे की दानपत्राच्या शाईत या दोन्ही गोष्टी नेहमीच मिसळलेल्या असतात.

१७८४ च्या एप्रिलमध्ये कोनशिला बसविण्यात आली. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज त्या वेळी लखनौला होता, आणि त्याच्या गैरहजेरीत कौन्सिलातील ज्येष्ठ सभासद एडवर्ड व्हीलर याच्या हस्ते तो विधी झाला. याच हेस्टिंग्जच्या कारकिर्दीत वडगावला इंग्रजांना मराठ्यांपुढे मान तुकवावी लागली होती, आणि सालबाईचा तह होऊन दोनच वर्षे लोटली होती. खजिन्याची ओढाताण अद्याप मिटली नव्हती, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे लॉटरीचे कोडेही काहीसे सुटते. तीन वर्षांनी, २४ जून १७८७ रोजी, म्हणजे ज्याच्या नावाने हे चर्च आहे त्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या सणादिवशी, त्याचे पवित्रीकरण झाले. तोवर हेस्टिंग्ज विलायतेला परतला होता आणि त्याच्या जागी कॉर्नवॉलिस आला होता. हेस्टिंग्जचे मेज आणि खुर्ची मात्र चर्चच्या कार्यालयात अजून जपून ठेवली आहे.

आता दगडाकडे वळू. कलकत्त्याच्या उत्तरेस, माल्दा जिल्ह्यात, गौड नावाच्या नगरीचे अवशेष आहेत. सेन राजांच्या काळी ती लखनौती होती. पुढे बंगालच्या सुलतानांची राजधानी झाली, आणि १५२६ साली पूर्ण झालेली बडा सोना मशीद, फिरोज मिनार, रंगीत मुलाम्याच्या विटांची लट्टन मशीद अशा इमारतींनी ती नटली. १५७५ च्या सुमारास साथीच्या रोगाने ती ओस पडली, आणि अरण्याने तिच्यावर आपला ताबा बसविला. अशा ओसाड शहराचे जे होते ते गौडाचे झाले: ते खाण बनले. मुर्शिदाबाद, माल्दा, राजमहाल, जेथे जेथे कोणी बांधकाम काढले तेथे गौडाची वीट गेली. इतकेच नव्हे, तर ही लूट रीतसर सरकारदप्तरी दाखल होती. बंगालच्या जमाबंदीचा कंपनीने जो तपशील तयार करविला त्यात ‘कीमत खिश्त गौड’ या नावाची एक बाब आढळते. खिश्त म्हणजे वीट. गौडाच्या विटांची किंमत म्हणून आसपासच्या मोजक्या जमीनदारांकडून दरसाल ८,००० रुपये वसूल होत, आणि त्याच्या मोबदल्यात त्या अवशेषांतील विटा, दगड उकरून नेण्याचा एकाधिकार त्यांना मिळे. आमराईची फळे द्यावीत, नदीचा उतार मक्त्याने द्यावा, तशी ही एका मेलेल्या राजधानीची मक्तेदारी.

कंपनीचा माल्द्यातील व्यापारी मुनीम या वेळी चार्ल्स ग्रँट हा होता, आणि तो धर्मकार्याचा मोठा कैवारी असल्याने चर्चच्या बांधकाम समितीला गौडाहून दगड पुरविण्याचे त्याने मनावर घेतले. गौडाच्या इमारतींतून निखळलेला निळसर करडा पाषाण, ज्याला कलकत्तेकर ‘निळा संगमरवर’ म्हणत, नावांत भरून नदीच्या प्रवाहाबरोबर खाली आला, आणि चर्चची जमीन त्याने मढविली गेली. वस्तुतः तो संगमरवर नव्हेच. गौडाच्या शिल्पकारांनी वापरलेला काळा दगड हा राजमहालच्या टेकड्यांतील बेसाल्ट, म्हणजे आपल्या दख्खनच्या काळ्या कातळाचा सख्खा नसला तरी चुलत भाऊ. त्यातही गंमत अशी की गौडाच्या सुलतानांनीही त्यातील पुष्कळसा दगड आधीच्या हिंदू देवळांतून उचललेला होता. गौडाच्या मशिदींतील कित्येक शिळा उलटवून पाहिल्या तर मागच्या अंगाला जुन्या मूर्तींच्या आणि वेलबुट्टीच्या खुणा निघतात. देवळातून मशिदीत, मशिदीतून चर्चमध्ये, असा ज्याचा प्रवास झाला तो दगड आज भाविकांच्या बुटांखाली गुळगुळीत होऊन पडला आहे. उन्हाळ्यात बाहेरचा उकाडा सोसून आत यावे आणि त्या जमिनीवर क्षणभर हात टेकवावा. हाताला लागतो तो गारवा अगदी आपल्याकडच्या जुन्या देवळाच्या सभामंडपातला. मनोऱ्यासाठी चुनारचा वाळूचा दगड आणला गेला. भिंतींचे अंग मात्र, बंगालच्या रिवाजाप्रमाणे, विटांचे आणि चुन्याच्या गिलाव्याचेच आहे. लोकांनी ‘पाथुरे’ म्हटले ते मनोऱ्याकडे पाहून.

आराखड्याची गोष्ट लंडनला सुरू होते. तेथील ट्रफाल्गर चौकाच्या कडेला सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स हे चर्च आहे. जेम्स गिब्ज नावाच्या, रोमला जाऊन शिकून आलेल्या एका स्कॉटिश स्थपतीने ते १७२२ ते १७२६ या काळात बांधले. गिब्जने केले ते असे की ग्रीक-रोमन मंदिराचा स्तंभांनी पेललेला आणि वर त्रिकोणी माथा असलेला दर्शनी मंडप घेतला, आणि त्या मंडपाच्या पाठीमागून, जणू छपरातूनच उगवल्यासारखा, गिरिजाघराचा टोकदार मनोरा वर काढला. प्राचीन मंदिराला मनोरा नसतो आणि मध्ययुगीन मनोऱ्याखाली मंदिर नसते. म्हणून तत्कालीन मर्मज्ञांनी नाके मुरडली. पण गिब्ज व्यवहारी माणूस होता. १७२८ साली त्याने आपल्या इमारतींच्या नकाशांचे एक मोठे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि ते मुख्यतः अशांसाठी की जे राजधानीपासून दूर आहेत आणि ज्यांना चांगला स्थपती सहज मिळत नाही. अमेरिकेच्या न्यू इंग्लंडपासून बंगालच्या उपसागरापर्यंत शेकडो चर्चे त्या पुस्तकाच्या पानांतून उभी राहिली. मुंबईत लायन गेटजवळचे १८१९ चे स्कॉच लोकांचे सेंट अँड्र्यूज, मद्रासला एग्मोरचे त्याच नावाचे १८२१ चे, ही दोन्ही त्याच गोत्रातली.

‘नवअभिजात’ हा जो शब्द आपण या शैलीसाठी वापरतो त्याने वाचकाने बुजून जाऊ नये. अर्थ एवढाच की अठराव्या शतकातील युरोपीय स्थपतींना गॉथिक चर्चांचे टोकदार कमानींचे अरण्य आणि त्यानंतरच्या बरोक शैलीतील नक्षीचा सुळसुळाट यांचा कंटाळा आला, आणि स्तंभ, त्यावर आडवी तुळई, तुळईवर त्रिकोण, आणि या सर्वांची ठराविक प्रमाणबद्धता, या प्राचीन व्याकरणाकडे ते परतले. स्तंभाच्या जाडीवरून त्याची उंची ठरावयाची, उंचीवरून दोन स्तंभांतले अंतर ठरावयाचे. छंदोबद्ध रचनेत मात्रा मोजाव्यात तसे हे बांधकाम. आपल्याकडे ज्यांनी हेमाडपंती देवळाच्या खांबांवरचे पट्टे मोजले आहेत त्यांना या मात्रागणनेचे कौतुक सांगावयास नको.

सेंट जॉन्सचा शिल्पी लेफ्टनंट जेम्स ॲग हा बंगाल इंजिनिअर्समधला लष्करी अधिकारी होता, आणि म्हणूनच त्याच्या हातून गिब्जची हुबेहूब नक्कल झाली नाही हे बरे झाले. लंडनचे चर्च लांबट आहे. ॲगने जवळजवळ चौरस वास्तू आखली. लंडनला उन्हाची हौस असते. कलकत्त्यात ऊन हा वैरी असतो, आणि म्हणून त्याने चारी अंगांनी उंच स्तंभ उभे केले, म्हणजे ग्रीक मंदिराच्या नावाखाली वस्तुतः सावलीची सोय केली. बंगालातील इंग्रजांच्या सर्वच मोठ्या बंगल्यांत हे आढळते; स्तंभांच्या त्या रांगा पाहून परदेशी प्रवाशांनी कलकत्त्याला ‘प्रासादांचे नगर’ म्हटले, परंतु त्या रांगांचे खरे कूळ आपल्या ओसरीचे आणि पडवीचे. आत गेले की मोठ्या खिडक्यांतून रंगीत काचांचा प्रकाश पसरलेला. वेदीच्या मागे अर्धघुमट, साधा, बोडका म्हणावा इतका साधा. आणि सर्व भिंतींवर संगमरवरी स्मृतिशिला, ज्यांत ज्वराने, पटकीने, लढाईत मेलेल्या तरुण साहेबांची नावे दाटीवाटीने कोरलेली. मनोऱ्यावरचे मोठे घड्याळ मात्र हलते आहे, आणि त्याला रोज हाताने किल्ली द्यावी लागते.

वेदीच्या डाव्या बाजूला योहान झोफनी या चित्रकाराचे ‘अंतिम भोजन’ आहे, आणि माझ्या मते सबंध चर्चमध्ये पाहण्यासारखी सर्वांत मोठी चीज तीच. जर्मनीत जन्मलेला, विलायतेत राजाश्रय भोगलेला झोफनी १७८३ मध्ये नशीब काढावयास हिंदुस्थानात आला आणि १७८७ मध्ये त्याने हे चित्र या चर्चला भेट दिले. येशू आणि त्याचे बारा शिष्य यांचे चेहरे त्याने कलकत्त्यातील माणसांवरून उतरविले: येशूसाठी एका ग्रीक धर्मगुरूला बसविले, लाडक्या योहानाच्या जागी ब्लॅकियर नावाचा पोलीस मॅजिस्ट्रेट दिसतो, आणि विश्वासघातकी यहूदासाठी, असे सांगतात, टुल्लो नावाच्या एका लिलाववाल्याचा चेहरा वापरला. याहून मजेदार आहेत त्या कडेच्या वस्तू. नीट निरखून पाहावे तर तेथे एक हिंदुस्थानी घडणीची तलवार खुंटीला लटकली आहे, एक पिकदाणी आहे, आणि भिश्त्याची असते तशी चामड्याची पखाल आहे. जेरुसलेमच्या त्या माडीवर पानाची पिंक टाकण्याची सोय करून ठेवणारा हा चित्रकार मला मोठा आवडतो. याच काळात जेम्स वेल्स हा दुसरा परदेशी चितारी पुण्यात येऊन सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांना एकाच पटावर बसवून गेला. त्याने आपल्या पेशव्यांचे पोशाख जपले, झोफनीने कलकत्त्याचे चेहरे जपले. बंगालच्या दमट हवेने चित्राचे पुष्कळ हाल झाले होते. २०१० साली इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या जाणकारांनी जर्मन साहाय्याने त्याचे संस्करण केले, आणि पिकदाणी पुन्हा स्पष्ट दिसू लागली.

१८१४ मध्ये हिंदुस्थानचा पहिला अँग्लिकन बिशप मिडलटन कलकत्त्याला आला, आणि १८४७ मध्ये सेंट पॉल्सचे नवे कॅथीड्रल होईपर्यंत सेंट जॉन्स हेच त्याचे व त्याच्या वारसांचे मुख्य पीठ होते. मुंबई इलाख्याला स्वतःचा बिशप १८३७ पर्यंत नव्हता. मुंबईची, पुण्याची चर्चे तोवर या पीठाखाली मोडत. पुण्याच्या लष्करातील सेंट मेरीज चर्चचे पवित्रीकरण १८२५ साली ज्याने केले तो बिशप हेबर याच पीठावरून दौऱ्यावर निघालेला होता.

आवारातील कबरींविषयी एक स्वतंत्र ग्रंथ लिहावा लागेल. मी दोन-तीनच सांगतो. अष्टकोनी, कमानींची, मुसलमानी घडणीची जी छत्री आहे तीत जॉब चार्नॉक विसावला आहे. त्याच्या जावयाने, चार्ल्स आयरने, ती १६९५ च्या सुमारास बांधली. चार्नॉकने १६९० मध्ये सुतानुटीच्या घाटावर पाय ठेवला आणि कलकत्त्याचा संस्थापक म्हणून तो शालेय पुस्तकांत अमर झाला, ते २००३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने ती पदवी काढून घेईपर्यंत. न्यायालयाला त्याच्या कबरीवरच्या दगडाची पदवी मात्र काढता आली नाही. तो दगड मद्रासजवळच्या पल्लावरमचा. १८९३ साली टी. एच. हॉलंड या भूशास्त्रज्ञाने त्या जातीच्या खडकाला याच कबरीवरून ‘चार्नॉकाइट’ असे नाव दिले, आणि आज जगभर भूशास्त्राचे विद्यार्थी एका कंपनीच्या अडत्याचे नाव पाठ करतात.

त्याच छत्रीत विल्यम हॅमिल्टन या शल्यवैद्याची शिळा आहे. चर्चचा पाया खणताना ती सापडली आणि तेथे हलविण्यात आली. तिच्यावर इंग्रजीबरोबर फारसी मजकूर कोरला आहे. १७१५ मध्ये कंपनीचे जे वकील दिल्लीला गेले त्यांच्यात हॅमिल्टन होता. त्याने बादशहा फर्रुखसियरला एका दुखण्यातून बरे केले, आणि १७१७ मध्ये कंपनीला सालिना ३,००० रुपयांच्या मोबदल्यात बंगालात जकातमाफीचे फर्मान मिळाले. हाच तो फर्रुखसियर, ज्याला दोन वर्षांनी सय्यद बंधूंनी तख्तावरून खेचले, तेव्हा बाळाजी विश्वनाथ पेशवे मराठी फौजेनिशी दिल्लीतच होते, आणि चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले. इंग्रजांच्या आणि मराठ्यांच्या नशिबाची दारे एकाच दरबारात, हातभर अंतराने, उघडली, त्यांतील एकाची किल्ली या शिळेखाली पुरलेली आहे.

जवळच फ्रान्सिस जॉन्सन या बाईची कबर. चार लग्ने केलेली ही बाई ‘बेगम जॉन्सन’ म्हणून शहरभर ओळखली जाई. तिचा तिसरा नवरा विल्यम वॉट्स प्लासीच्या कटाचा एक सूत्रधार, आणि चौथा म्हणजे हे चर्च उभारण्यासाठी धडपडलेला तो धर्मोपदेशक जॉन्सन. १७८८ मध्ये जॉन्सन विलायतेला निघून गेला. बेगमने मात्र कलकत्ता सोडण्यास साफ नकार दिला. १८१२ च्या फेब्रुवारीत, वयाच्या ८७ व्या वर्षी, ती येथेच मेली, आणि दफनभूमी बंद झाली असतानाही तिच्यासाठी खास परवाना देण्यात आला होता. त्याच वर्षाच्या जूनमध्ये तिचा नातू लॉर्ड लिव्हरपूल इंग्लंडचा पंतप्रधान झाला. आवाराच्या एका कोपऱ्यात ‘ब्लॅक होल’चे, म्हणजे १७५६ मध्ये नवाबाने कलकत्ता घेतले तेव्हा कोठडीत गुदमरून मेलेल्या इंग्रज कैद्यांचे, स्मारक उभे आहे. लॉर्ड कर्झनने १९०२ मध्ये ते मोठ्या गाजावाजाने शहराच्या चौकात उभारले, आणि १९४० मध्ये सुभाषचंद्र बोस यांच्या चळवळीमुळे ते तेथून हलवून या झाडांच्या आड आणून ठेवावे लागले.

कर्झनचा उल्लेख आला म्हणून सांगतो, १९०४ साली प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा पहिला व्यापक कायदा याच कर्झनने करविला, आणि त्याचा वारसा १९५८ च्या कायद्याकडे आला. सेंट जॉन्स आज केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत आहे. भोवतालच्या १०० मीटरांत नवे बांधकाम करण्यास मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीची अट लागू आहे. गौडाचे अवशेषही त्याच यादीत आहेत. ‘कीमत खिश्त गौड’ ही बाब जमाबंदीतून केव्हाच गेली. माल्द्याच्या त्या उजाड माळावरून आता एक वीट उचलली तर गुन्हा होतो, आणि तेथूनच उचलून आणलेली कलकत्त्याची ती निळसर फरशी खात्याच्या लेखी संमतीवाचून बोटभरही हलविता येत नाही.